पेटी वाजवतो, खेड्यात राहतो. यातून चार पैसे सुटतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागभीडजवळ खेड्यात राहता, दिवसा दुकानात नोकरी, गावच्या भजन मंडळात पेटीची साथ करता, नोकरी न सोडता यातून जोडधंदा होईल का? होईल. फक्त ज्या कामासाठी गाव तुमची वाहवा करते, त्या कामातून होणार नाही.

मी वर्धा जिल्ह्यातला. घरी कास्तकारी आणि जोडीला पेटीचं काम. आमच्याकडं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं गावोगाव आहेत, खंजिरी आणि पेटीवर. तिथं वाजवण्याचे पैसे मागितले की माणूस मंडळातून उठलाच समजा, आणि मला त्यात काही चूकही वाटत नाही. ती सेवा आहे, तशीच राहू द्या. सप्ताहात, पुण्यतिथीच्या कार्यक्रमात सारी पंचक्रोशी तुमचा हात ऐकते. काम विचारायला लोक तिथूनच येतात.

माझ्या अनुभवात खरा पैसा पेटीच्या दुरुस्तीत आहे. मंडळाची पेटी वर्षभर देवळात पडून असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. उंदीर भाता कुरतडतात. रीडमध्ये, म्हणजे सूर काढणाऱ्या पितळी पट्टीत, कचरा बसला की सूर भसाडा येतो, नाहीतर मुकाच होतो. मग नवरात्र तोंडावर आलं की सगळ्यांना एकदम आठवण होते. पेटी एसटीत टाकून नागपूरला न्यायची, पुन्हा आणायला जायचं. हाच खर्च वाचतो म्हणून लोक तुमच्याकडं येतील.

शिकायला अवघड नाही, पण घाईचंही नाही. रीडची पितळी जीभ टोकाकडं घासली तर सूर चढतो, बुडाकडं घासली तर उतरतो. घासून गेलेलं पितळ परत येत नाही, म्हणून आधी भंगारातल्या पेटीवर हात बसवा. ट्यूनरचं फुकट ॲप मोबाइलवर चालतं. सूर तपासताना भात्याचा दाब मात्र एकसारखा ठेवा, नाहीतर काटा हलत राहतो. रीडसाठी गुजरातमधलं पालिताणा नावाजलेलं आहे. सुट्या रीड वाद्यांच्या दुकानात मिळतात. गिऱ्हाइकाला सामानाचे पैसे आणि मजुरी वेगवेगळी सांगा. मंडळाचा हिशेब वर्गणीतून चालतो, चार लोक विचारतात, त्यामुळं कागदावर लिहून दिलेलं बरं पडतं.

दुसरं काम शिकवणीचं. नुसतं "पेटी शिकवतो" म्हटलं तर पोट्टे दिवाळीपर्यंत टिकतात. परीक्षा असली की मायबापही लक्ष देतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आहेत, हार्मोनियमसाठीही आहेत. जवळचं केंद्र शोधून त्यांच्यामार्फत पोरं बसवा. मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीत वाढीव गुण मिळण्याची सोय राज्यात आहे. नियम शाळेतून नीट विचारून घ्या आणि पालकांना तेवढंच सांगा, जास्तीचं आश्वासन नको. फी दरमहा मागाल तर थकेल. तुमच्याकडं धान निघाल्यावर हातात पैसा येतो, आमच्याकडं कापूस निघाल्यावर. मी हंगामाला एकरकमी घेतो, ते दोघांनाही सोयीचं जातं.

आता झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचं. वडसा तुमच्या हाताशी, नाटक कंपन्या तिथं, त्यामुळं मोह होणारच. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) होळीपर्यंत हंगाम, आणि नाटक रात्रभर. सकाळी दुकान उघडायचं असेल तर हे रोज जमणार नाही. एखाद्या कंपनीच्या ऑर्गनवाल्याशी ओळख ठेवा, तो आजारी पडला की बदलीला जा. पदं उचलून धरायला तिथं जो तयारपणा लागतो, तो भजनात बसून येत नाही. एका हंगामात कान आणि हात दोन्ही सुधारतील. मला तुमचा हेवा वाटतो तो एवढ्याचसाठी. आमच्या बाजूला ही सोय नाही.

हळदीचे, वाढदिवसाचे कार्यक्रम घ्यायचे तर घ्या, पण साउंड सिस्टिम कर्ज काढून विकत घेऊ नका. बिछायत केंद्रवाल्याकडं, म्हणजे मंडपाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडं, ती असतेच. त्याच्याशी भागीत काम करा. तारीख ठरली की इसार घ्या, नातेवाईक असला तरी. आणि रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, हे ठरवतानाच सांगून टाका. मंडपात पोलीस आले की कार्यक्रमवाला बाजूला होतो आणि माइकसमोर तुम्ही सापडता.

यूट्यूबवरून कमाई होईल का, असंही तुम्ही विचारलंय. जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचं पाहणं लागतं (किंवा शॉर्ट्सचे तसेच मोठे आकडे). त्यातही सिनेमाचं गाणं वाजवलं तर पैसे हक्कदार कंपनीकडं जाऊ शकतात. तुकोबांचे अभंग स्वतःच्या चालीत गायला अडचण नाही. राष्ट्रसंतांचं निधन 1968 चं, आणि आपल्याकडं कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं लेखनाचा हक्क टिकतो, तेव्हा त्यांच्या रचना टाकण्याआधी परवानगीचं बघा. मी स्वतः तिथं फक्त दुरुस्त केलेल्या पेट्यांचे आधीचे आणि नंतरचे सूर टाकतो. पाहणारे थोडे, पण त्यातले काही जण पेटी घेऊन घरी येतात.