संग्राहकांचे प्रश्न : मर्यादित आवृत्तीचे सील फोडावे का?

प्रश्न : माझी भाची न्यू जर्सीत राहते आणि दिवाळीत घरी येणार आहे. तिच्याबरोबर जुन्या चित्रपटांच्या मर्यादित आवृत्तीच्या दोन-तीन ब्ल्यू-रे (डीव्हीडीहून सुस्पष्ट चित्र देणाऱ्या तबकड्या) मागवाव्यात असा विचार आहे. त्यांपैकी एकीच्या अवघ्या ३००० प्रती निघाल्या होत्या आणि ती आता मूळ किमतीच्या पाचपट भावाने मिळते. ती घ्यावी का? घेतल्यास सील फोडू नये, भाव उतरतो, असे मुलाचे म्हणणे आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : ३००० हा आकडा चित्रपटाच्या योग्यतेवरून नव्हे, हक्कांच्या करारावरून ठरतो. ज्या जुन्या चित्रपटाची ब्ल्यू-रे काढून खर्च निघेल असे मोठ्या स्टुडिओला वाटत नाही, त्याचे हक्क एखादी लहान कंपनी ठरावीक प्रतींपुरते घेते, पुस्तिका आणि काही पुरवणी साहित्य जोडते आणि तेवढ्या प्रती विकून मोकळी होते. ट्वायलाइट टाइम या अमेरिकी कंपनीने २०११ पासून २०२० मध्ये बंद होईपर्यंत बहुतेक चित्रपट असेच ३००० प्रतींत काढले. चित्रपटाचे पार्श्वसंगीत संवादांविना ऐकण्याची सोय ही तिची खासियत होती, आणि केवळ तेवढ्यासाठी या तबकड्या जपणारे लोक आजही आहेत.

याच कंपनीने २०११च्या अखेरीस ‘फ्राइट नाइट’ हा १९८५चा भयपट काढला. प्रती हातोहात संपल्या आणि जुन्या बाजारात त्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढला. पुढे २०१५ मध्ये त्याच कंपनीने आणखी ५००० प्रती आणल्या, २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये युरेका या कंपनीने तो काढला आणि २०२२ मध्ये खुद्द हक्कदार सोनीने त्याची ४के, म्हणजे ब्ल्यू-रेहूनही सुस्पष्ट चित्राची, आवृत्ती बाजारात आणली. दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने पहिली प्रत घेणाऱ्यांच्या हाती शेवटी चार आवृत्त्यांतली सर्वांत जुनी प्रत राहिली. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला दुसऱ्यांदा विचार करण्याची मुभा असते, एवढे पाचपट पैसे मोजण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

उलटही घडते. क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २००८ मध्ये काढलेल्या ‘द थर्ड मॅन’च्या ब्ल्यू-रेवर प्रतींचा आकडा कोठेही नव्हता, तरीही २०१०च्या सुमारास हक्क हातचे गेल्यामुळे ती छापणे थांबले. वेष्टनावर मर्यादित आवृत्ती असे लिहिलेली वस्तू पुन्हा येऊ शकते आणि तसे न लिहिलेली एके दिवशी गुपचूप नाहीशी होऊ शकते. म्हणून आपल्या यादीतील ज्या तबकड्या आज मूळ किमतीत मिळतात, त्या भाचीकडून आधी मागवाव्यात. पाचपट भावाच्या तबकडीवर मात्र अन्यत्र कोठेही न आलेली मुलाखत, समालोचन किंवा संवादांविना पार्श्वसंगीत ऐकण्याची सोय आहे का, ते पाहावे. नसल्यास मी तरी थांबेन.

सील जरूर फोडावे, आणि तेही पहिल्याच आठवड्यात. मी स्वतः दोन तबकड्यांचा एक संच दोन वर्षे तसाच ठेवला होता. उघडला तेव्हा दोन्ही खाचांत पहिलीच तबकडी निघाली, दुसरी नव्हतीच. तोवर कंपनीकडचा साठा संपला होता आणि बदलून मिळण्याचा प्रश्नच उरला नव्हता. शिवाय आवळून बसलेल्या पातळ प्लास्टिकने पुठ्ठ्याच्या पेटीच्या कडा हळूहळू आत वाकतात. बंद पेटी विकत घ्यायचीच असेल, तर ती कानाजवळ धरून हलकेच हलवून पाहावी. खडखड आवाज आला, तर तबकडी खाचेतून सुटली आहे आणि प्रवासात तिच्यावर चरे पडले असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : क्रायटेरियनचा अपू-त्रयीचा (‘पथेर पांचाली’ आणि त्यापुढचे दोन चित्रपट) ब्ल्यू-रे संच नातेवाइकांनी अमेरिकेहून आणला. प्लेअर मल्टी-रीजन म्हणून विकत घेतला होता, तरी पडद्यावर रीजन चुकल्याचा संदेश येतो. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : विक्रेता खोटे बोलला नसावा, पण त्याने अर्धेच सांगितले. रीजन म्हणजे जगाच्या ज्या विभागातल्या प्लेअरवर तबकडी चालते तो विभाग. डीव्हीडीचे रीजन आणि ब्ल्यू-रेचे रीजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या आणि अमेरिका पहिल्या विभागात येते. ब्ल्यू-रेसाठी अमेरिका व जपान ए, युरोप व ऑस्ट्रेलिया बी आणि भारत सी विभागात येतो. रिमोटवरून आकडे दाबून मल्टी-रीजन केलेले बहुतेक प्लेअर फक्त डीव्हीडीपुरते मोकळे झालेले असतात. वेष्टनाच्या मागे छोट्या षटकोनात ए, बी किंवा सी हे अक्षर असते, ते विकत घेण्याआधी पाहावे. ४के तबकड्यांना हे बंधन नाही. मात्र त्यांच्या जोडीला दिलेल्या साध्या ब्ल्यू-रेला असू शकते.

संच परत करू नये, ए विभागाचा प्लेअर शोधावा. सत्यजित राय यांच्या या तीन चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या होत्या. इटलीतील बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ठिसूळ झालेल्या फिती पुन्हा ओलावून मऊ केल्या आणि हाताने दुरुस्त केल्या. त्यातून ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह मात्र वापरण्याजोगी उरली नव्हती, त्यामुळे तो चित्रपट इतर प्रतींवरून उभा करावा लागला.

प्रश्न : पावसाळ्यात पुस्तिकांवर पिवळे डाग आणि तबकड्यांवर बुरशी दिसते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पेट्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीला टेकवू नयेत, आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात. तबकडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. पुस्तिका मात्र पुसू नयेत. जूनपूर्वी त्या पेटीतून काढून कोरड्या, हवाबंद डब्यात ठेवाव्यात.