वळणावर स्नोमोबिल सरळच जाते? आधी हे बघ

अरे, मिनेसोटातला पहिलाच हिवाळा ना तुझा, मग वळणावर स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी ही गाडी, सरळ जाते म्हणून लगेच नवे शॉक घ्यायला धावू नकोस, आधी खाली वाकून पुढच्या स्कीखालचे कार्बाइड (बर्फात रुतणाऱ्या कडक धातूच्या पट्ट्या) बघ, ते झिजले असतील तर कितीही सेटिंग केलंस तरी स्की बर्फ धरणार नाही.

ते ठीक असतील तर मागून सुरुवात कर. जॅकेट, बूट, हेल्मेट सगळं घालून बस, मागची बाजू एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन वर-खाली जितकं हलतं त्या अंतराच्या) साधारण पाव ते एक तृतीयांश खाली बसायला हवी. खड्ड्यात तळाला आपटते? टॉर्शन स्प्रिंगचा कॅम (मागच्या पिळाच्या स्प्रिंगचा ताण बदलणारा फिरता तुकडा) 1 पायरी कडक कर. कंबरेला हादरे बसतात? 1 पायरी सैल. दोन्ही बाजूंना सारखंच, आणि स्प्रिंगमध्ये खूप ताकद असते, बोटं जपून रे बाबा, योग्य पान्याशिवाय हात घालू नको.

खरी मजा लिमिटर स्ट्रॅपमध्ये आहे, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली जाईल हे ठरवणाऱ्या पट्टीत. तो 1 भोक आखूड केला की ट्रॅकचा (गाडीखालच्या फिरत्या रबरी पट्ट्याचा) पुढचा भाग वर ओढला जातो, वजन स्कीवर येतं आणि गाडी वळायला लागते. पण हावरटपणा नको, जास्त आखडलास तर हँडल जड होतं, आतली स्की उचलायला लागते, आणि खोल भुसभुशीत बर्फात पुढचं टोक रुततं, तिथे तो सैलच बरा.

एका वेळी एकच बदल, मग त्याच ट्रेलवर त्याच वेगाने फेरी मार आणि मोबाईलमध्ये लिहून ठेव.