‘कूलर पाणी पितो’ हे उत्तर चुकीचे आहे का?

एप्रिलच्या अखेरीस, नागपुरात पारा 45 अंशांकडे सरकत असताना, तिसरीतल्या एका मुलाची आई त्याला घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) परिसर अभ्यासाच्या चाचणीत ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ या प्रश्नाला मुलाने ‘कूलर पाणी पितो’ असे उत्तर लिहिले होते आणि त्यावर लाल फुली होती. “मॅडम, रात्री पाठ करून घेते, सकाळी विसरतो. हा विज्ञानात कच्चाच राहील का?” ही काळजी अनेक पालक माझ्याकडे बोलून दाखवतात.

मी मुलालाच विचारले, “कूलर पाणी पितो हे तुला कशावरून कळलं?” तो रोज बाबांबरोबर टाकी भरत असे. खालची फरशी कोरडी असते, म्हणजे पाणी गळत नाही, आणि गावाला गेलो तेव्हा कूलर बंद होता म्हणून पाणी बरेचसे उरले, असे त्याने सांगितले. सहावीतल्या त्याच्या बहिणीने व्याख्या एका दमात म्हटली. मात्र टाकीतले पाणी कुठे जाते, या प्रश्नावर ती थबकली आणि “गळत असेल” म्हणाली.

निर्जीव वस्तूंना सजीव मानून विचार करणे या वयात स्वाभाविक आहे; स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1920च्या दशकातच त्याचे वर्णन केले होते. ‘पितो’ हा शब्द यथावकाश बदलेल. गळतीची शक्यता तपासून बाजूला ठेवण्याची आणि चालू-बंद अवस्थांची तुलना करण्याची त्याची सवय मात्र फार मोलाची आहे, आणि ती नेमकी त्या लाल फुलीखाली झाकली गेली होती.

मी आईला सुचवले की दोन सारखे रुमाल भिजवून एक गच्चीवर दोरीवर आणि दुसरा झाकणबंद डब्यात ठेवावा, कोणता आधी वाळेल याचा अंदाज त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा आणि उत्तर सुधारण्याची घाई करू नये.

आईच्या संमतीने मी वर्गशिक्षिकेशीही बोलले. “पन्नास मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास,” ही त्यांची अडचण खरी होती. म्हणून आम्ही बिनखर्चाचा उपाय ठरवला: व्हरांड्यात थोडे पाणी सांडून त्याभोवती खडूने रेघ ओढायची आणि मधल्या सुट्टीत व शाळा सुटताना पुन्हा पाहायचे. ‘बाष्पीभवन’ हा शब्द फळ्यावर आला तो तिसऱ्या दिवशी. व्याख्येला माझा विरोध नाही. पाहिलेल्या गोष्टीला नाव मिळाले की मूल ते दुसरीकडे लावू शकते. पण अनुभव आधी यायला हवा, आणि परीक्षेनेही ‘ओला कपडा कुठे लवकर वाळेल व का?’ असे विचारायला हवे. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. तो प्रश्नपत्रिकेत उतरला नाही, तर पालक पाठांतरच करून घेणार.

जुलैत आईचा फोन आला. पाणी वाफ होताना उष्णता शोषते, म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात कूलर खोली गार करतो आणि पावसाळी दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही. मुलाला हे कोणी सांगितले नव्हते, पण टाकी आता लवकर रिकामी होत नाही हे त्याच्या लक्षात आले होते. “हवेचं पोट भरलं असेल,” तो म्हणाला. आईने त्याला थांबवले नाही. “कशावरून?” एवढेच तिने विचारले, तेव्हा त्याने सकाळपासून दोरीवर असलेला आणि संध्याकाळीही ओलसर राहिलेला रुमाल तिच्या हातात आणून दिला.