कागदावरचं इन्शुलिन

ताई,
मी 25 वर्षांची आहे, इंदूरला रामबागेत आई-बाबा आणि आजीबरोबर राहते. पंधराव्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघाला. रात्री दहाला ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्शुलिन) 26 युनिट आणि तिन्ही जेवणांआधी ॲस्पार्ट (जेवणापुरतं, लवकर लागणारं इन्शुलिन) 8-8 युनिट, असं कागदावर आहे. प्रत्यक्षात नोकरी लागल्यापासून दुपारचं इंजेक्शन जवळजवळ बंदच आहे. स्थळं बघणं चालू आहे, म्हणून ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नाही असं आईने बजावलंय, आणि टॉयलेटमध्ये उभं राहून टोचून घ्यायचा मला वीट आलाय. रात्रीचंही आठवड्यातून दोनदा राहतं, डोळा लागतो. तीन आठवडे ग्लुकोमीटर उघडलेला नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, 10.8 आला. डॉक्टरांना मागच्या दोन्ही भेटींत ‘सगळे डोस घेते’ असंच सांगितलं, तर त्यांनी ग्लार्जिन 18 चं 26 केलं. पुढची तारीख मीच दोनदा पुढे ढकलली. आई दिवसातून चारदा ‘शुगर किती?’ विचारते. आजी म्हणते, कारल्याचा रस घे आणि सुया सोड. दर वेळी सोमवारपासून सगळं नीट करायचं ठरवते आणि बुधवारी ते संपतं. काय करू?
— र., इंदूर

प्रिय र.,

पहिली गोष्ट, येत्या सोमवारपासून सगळं नीट करू नकोस. हे चेष्टेने म्हणत नाही.

तुझ्या कागदावरचे 26 युनिट खोटे आहेत. डॉक्टरांनी 18 चं 26 केलं ते तू रोज 18 घेतेस आणि दुपारचंही घेतेस असं धरून. एवढं घेऊनही शुगर उतरत नाही म्हटल्यावर डोस वाढवणं त्यांच्या बाजूने बरोबरच होतं. आता तू एखाद्या सोमवारी जिद्दीने रोजचे 26 आणि वर 8-8-8 सुरू केलंस, तर शरीराला नेमकं किती लागतं हे कुणालाच माहीत नसताना तू भरघोस इन्शुलिन घेशील. अशा वेळी शुगर कोसळायची ती बहुतेक पहाटे तीनला, सगळे झोपेत असताना. ताकाला जाऊन भांडं लपवलं की ताक सांडतं. इथे सांडतं ते जास्त महागाचं आहे.

म्हणून पहिलं काम फोनचं. ढकललेली तारीख मागून घे, जमलं तर या आठवड्यातली. जायच्या आधी एका कागदावर मागचे चौदा दिवस लिही: रात्रीचे किती घेतले, सकाळचे किती, दुपारचे किती. आकडाच लिही, ‘कधीकधी राहतं’ असं नको. बोलायचा धीर झाला नाही तर कागद टेबलावरून पुढे सरकव. मधुमेहाच्या डॉक्टरांना हे ऐकून धक्का बसत नाही. डोस चुकवणारे पेशंट ते रोज बघतात. खरे आकडे मिळाले की ते बहुधा डोस खाली आणून नव्याने बांधतील. तोवर जे घेतेस ते बंद करू नकोस, आणि एकदम दुप्पटही करू नकोस.

त्यानंतरचा क्रम माझ्या मते असा: आधी ग्लार्जिन, मग दुपार. बाकीचं नंतर.

ग्लार्जिन आधी, कारण ते जेवणासाठी नसतंच. आपण उपाशी असतानाही यकृत रक्तात साखर सोडत राहतं आणि टाइप वनमध्ये तिला आवरायला शरीराचं स्वतःचं इन्शुलिन नसतं. ग्लार्जिनचा असर साधारण 24 तास टिकतो, म्हणजे एक रात्र चुकली की दुसऱ्या दिवसभर पाया उघडा. इन्शुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, कीटोन नावाची आम्लं तयार होतात, रक्त आम्लधर्मी होतं. याला डीकेए म्हणतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. दुपारचं चुकलं तर शुगर चढते. रात्रीचं सलग चुकलं तर माणूस हॉस्पिटलात जातो.

आता, रात्री दहाची वेळ तुला झेपत नाही हे तू स्वतःच लिहिलंयस. मग वेळच बदल. ग्लार्जिन रोज एकाच वेळी घ्यायचं असतं, पण ती वेळ रात्रीचीच हवी असं नाही. सकाळी दात घासताना घ्यायचं ठरवता येतं, कारण दात घासायचं कुणी विसरत नाही. रात्रीवरून सकाळवर येताना मधल्या एका दिवसाचं गणित डॉक्टरांकडून करून घे, नाहीतर दोन डोस एकमेकांवर चढतात. विसरलेला डोस काही तासांत आठवला तर तो घेता येतो, किती तासांपर्यंत ते तुझ्या डॉक्टरांना विचारून लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्र कधीच नाही.

घेतलं की नाही हेच आठवत नसेल तर एक साधी युक्ती. रात्री एका छोट्या डबीत उद्याच्या चार सुया मोजून ठेव. दर इंजेक्शनला डबीतली नवी सुई. दुपारी चारला डबीत तीन दिसल्या तर एकच झालंय, हे कुणाला विचारावं लागत नाही. सुई दर वेळी नवी असली की दुसराही फायदा होतो: वापरलेल्या सुईचं टोक वाकतं, दुखतं, आणि इन्शुलिनच्या पेनला तशीच लावून ठेवली तर आत हवा शिरते आणि डोस कमी जातो.

आता ऑफिस. टॉयलेट ही इंजेक्शनची जागाच नव्हे. अस्वच्छ, अंधार, वर घाई. घाईत काय होतं ते सांगते. पेन दाबलं की लगेच ओढून काढलं जातं आणि सुईच्या टोकाशी थेंब लोंबतो. तो थेंब तुझ्या डोसातला असतो. चार मिलिमीटरची सुई असेल तर चिमूट धरायची गरज बहुतेकांना नसते. सुई लाव, 2 युनिट हवेत सोडून धार येते का बघ, डोस फिरव, पोटावर सरळ टोच, बटण पूर्ण दाब, दहा अंक मोज, मग काढ. खुर्चीत बसून, कुर्त्याची कड जरा उचलून, हे एका मिनिटाच्या आत होतं. बेंबीपासून दोन बोटं सोडून, आणि रोज आधीच्या जागेपासून बोटभर सरकून. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ येते. तिथे दुखत नाही म्हणून हात परत तिथेच जातो, आणि इन्शुलिन मात्र कधी मुरतं, कधी नाही. आज आरशासमोर उभी राहून पोटावरून सपाट हात फिरव. गाठ लागली तर ती जागा काही महिने सोड आणि डॉक्टरांना दाखव. निरोगी जागी तोच डोस जास्त जोरात लागू शकतो, तेव्हा हेही डोस कमी करायचं एक कारण.

पण खरी अडचण सुईची नाही, हे तुलाही कळतंय. ऑफिसातल्या निदान एका मैत्रिणीला सांगावंच लागेल, आईची इच्छा असो वा नसो. शुगर खाली जाऊन तुला ग्लानी आली तर तिला दोनच गोष्टी माहीत हव्यात. तू शुद्धीवर असलीस तर तीन सपाट चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. पंधरा मिनिटांनी शुगर बघायची, 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. बेशुद्ध असलीस तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. चॉकलेट किंवा बर्फी नको, त्यातला स्निग्धांश साखरेला उशीर करतो.

ग्लुकोमीटर तू तीन आठवडे उघडला नाहीस, कारण तो उघडला की परीक्षेचा निकाल लागल्यासारखं वाटतं. सुरुवातीला दिवसातून दोनच वेळा बघ: सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. डॉक्टर डोस नव्याने बांधत असतील त्या आठवड्यात पहाटे तीनची एक-दोनदा जोड. आकडा फक्त वहीत लिही. त्याच क्षणी त्यावर काही करायचं असेल तर ते फक्त दोनदा: 70 च्या खाली, आणि 250 च्या वर असताना मळमळ किंवा उलटी असेल तर (तेव्हा काय करायचं ते पुढे कीटोनच्या पट्ट्यांजवळ लिहिलंय). शुगर जास्त दिसली म्हणून तासातासाने थोडं थोडं ॲस्पार्ट मारायचं नाही. त्याचा असर तीन ते पाच तास राहतो आणि आधीच्यावर नंतरचं चढून संध्याकाळी शुगर खाली कोसळते.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. कित्येक महिने 250-300 वर राहिलेल्या शरीराला 120 हा आकडा कमी वाटतो. हात थरथरतील, घाम येईल, भूक लागेल. साखर तोंडात टाकण्याआधी मोज. 70 च्या वर असेल तर एखादं बिस्कीट पुरे. काही आठवड्यांत हे निवतं. आणि 10.8 वरून दोन महिन्यांत 7 गाठायची घाई नको: खूप चढलेली शुगर फार वेगाने उतरली तर डोळ्यांच्या पडद्याचा आजार आधी बिघडू शकतो, हातापायांत भाजल्यासारख्या वेदनाही येतात. म्हणून उतरवायला सुरुवात करतानाच पडदा तपासून घे, आणि पुढच्या खेपेला साडेनऊ आला तर त्याला चांगलाच म्हण. 1993 साली जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासापासून हे पक्कं झालंय की एचबीएवनसी जितका खाली येईल तितकं डोळे, मूत्रपिंड, नसा यांचं नुकसान टळतं. फायदा सातवर पोचल्यावर सुरू होतो असं नाही.

खाण्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, पण इंदुरात राहून पोहे-जलेबी सोडतेस असं मी मानत नाही. सोडूही नकोस, मोज. समजा डॉक्टरांनी दिवसाचं एकूण इन्शुलिन 40 युनिटांवर आणलं. 500 ला 40 ने भाग: 12.5. म्हणजे अंदाजे साडेबारा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. 1800 ला 40 ने भाग: 45. म्हणजे एक युनिट शुगर सुमारे 45 ने खाली आणतं. हे फक्त सुरुवातीचे ठोकताळे. तुझे खरे आकडे वहीतून निघतील. छप्पन दुकानवरच्या प्लेटमध्ये 50 ग्रॅम कोरडे पोहे धरले तर 38 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, 50 ग्रॅम जलेबीत आणखी 30 च्या घरात. झाले 68, म्हणजे साडेपाच युनिट, आणि तेही खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं, कारण जलेबी इन्शुलिनची वाट बघत नाही. दाल-बाफल्यांचं उलट. तूप पचन लांबवतं, दोन तासांनी शुगर शहाण्यासारखी दिसते आणि चार तासांनी चढते. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला गेलीस तर जेवणाचं इन्शुलिन अजून अंगात असतं, तेव्हा मोजल्याशिवाय अंदाजाने घेऊ नकोस. रोज 8-8-8 घेऊन कधी दोन पोळ्या, कधी भलीमोठी प्लेट खाल्ली की आकडे नाचतात, आणि मग वाटतं आपलंच काही चुकतंय.

उन्हाळ्याचंही बघ. दुचाकीच्या डिकीत ठेवलेलं पेन मे महिन्यात इंदुरात काही तासांत बाद होऊ शकतं. वापरात असलेलं ग्लार्जिन किंवा ॲस्पार्ट 30 अंशांखाली 28 दिवस चालतं. न उघडलेलं फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं वितळवून वापरायचं नाही. दोन्ही इन्शुलिनं पाण्यासारखी स्वच्छ असतात, गढूळ दिसलं की टाकायचं. वीज गेली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छोट्या मडक्यात, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगलं काम करतं, पावसाळ्यात नाही. आणि कधी पेनऐवजी सिरिंज वापरायची वेळ आली तर बाटलीवरचा 40 की 100 हा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी जुळव. 100 चं इन्शुलिन 40 च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो.

आजींना कारल्याची भाजी करू दे, छान लागते. इन्शुलिनची जागा ती घेऊ शकत नाही. पण आजींचं दुसरं एक वाक्य घराघरांत ऐकू येतं, ‘काही खाल्लं नाही तर सुई कशाला?’ ते मात्र धोक्याचं. ताप-उलट्यांत जेवण बंद असलं तरी ग्लार्जिन बंद करायचं नाही. लघवीत कीटोन बघायच्या पट्ट्या घरी आणून ठेव. उलटी थांबत नसेल, पोट दुखत असेल, श्वास खोल आणि जोरात चालत असेल, पट्टीवर कीटोन दिसत असतील, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सी.

तू लिहिलं नाहीस तरी विचारते: डोस चुकवला की वजन उतरतं, हे तुला ठाऊक आहे का? त्यासाठी एखादाही डोस टाळला असशील तर तेही कागदावर लिही. तो वेगळा त्रास आहे, त्याला वेगळी मदत लागते. नुसता कंटाळा असेल तर त्यालाही नाव आहे, डॉक्टर त्याला डायबिटीस डिस्ट्रेस म्हणतात. रोज रडू येत असेल, झोप उडाली असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. तो मोफत आहे.

राहिली आई. तिचं ‘शुगर किती?’ हे काळजीपोटीच असतं, पण ऐकणाऱ्याला उलटतपासणीसारखं लागतं. तिला दुसरं काम दे. सुया, पट्ट्या, ग्लुकोज संपत आलं का बघणं, आणि सकाळी टूथब्रशशेजारी पेन ठेवणं. बदल्यात शुगर रविवारी एकदाच, वहीसकट. स्थळांचं म्हणशील तर पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, तुझ्याच तोंडून सांग. लग्नानंतर मूल हवं असेल तर गर्भ राहण्याआधी एचबीएवनसी 6.5 च्या खाली आणायला डॉक्टर सांगतात, तेव्हा हे लपवून लग्न होईल पण संसार होणार नाही. ज्या घराला टाइप वन म्हणजे काय ते ऐकूनही घ्यायचं नाही, तिथे रात्री तीनला तुला ग्लुकोज कोण देणार, हे आईला विचार.

वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत भर आणि कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात दे. ती बाटली स्वयंपाकघरात उघड्यावर ठेवलीस तरी चालेल.