सोलापूरचे जिल्हा न्यायालय घटनाबाह्य कायदा रद्द करू शकते का? हा अधिकार न्यायालयांना मिळाला कसा?

नाही. सोलापुरातील दिवाणी दाव्यात कायदा घटनाबाह्य वाटला आणि निकाल त्यावरच अडला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ नुसार न्यायाधीशांना कारणे नोंदवून तो प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. अमेरिकेच्या घटनेत कायदा रद्द करण्याचा हा अधिकार स्पष्ट लिहिलेला नव्हता. १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो तर्काने प्रस्थापित केला. आपल्या घटनाकारांनी मात्र, आणि ही मला त्यांची मोठी दूरदृष्टी वाटते, कलम १३ मध्येच मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरवला. स्थानबद्धतेची, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवण्याची, कारणे न्यायालयालाही सांगण्यास मनाई करणारे प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याचे कलम १४ सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्येच, गोपालन खटल्यात, रद्द केले.