किराण्याचा हिशोब होतो, पेट्रोलचा का नाही?

"मावशी, आम्ही घरात पाच जण, सासूबाई आणि दोन मुलं धरून, राहतो पंचवटीत. किराणा, भाजी, दूध मिळून महिन्याला 13,500 जातात. हे दर महिन्याला बिल बघून म्हणतात तुझा हात सैल आहे. आता मी बिलं लपवायला लागलीये, आणि पैसे वाचवायचे म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पण दोन महिने आणल्या नाहीत. हे सातपूर एमआयडीसीत कारने एकटेच जातात, बाईक खाली पार्किंगमध्ये पडून आहे. पेट्रोलला किती जातात ते मी कधी विचारलं नाही. अजून कुठे काटकसर करू?" - एक सून, नाशिक

अगं बाळा, आधी एक हिशोब कर. 13,500 भागिले पाच माणसं भागिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोजचे 90 रुपये, आणि त्यात दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता, मुलांचे डबे आणि साबण-पावडर सुद्धा आली. याला उधळपट्टी म्हणत नाहीत गं, तू चांगलं घर चालवतेयस आणि हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

आता दुसरा हिशोब, जो तुझ्या घरात कुणी केलाच नाहीये. पंचवटी ते सातपूर जाऊन-येऊन 24 किमी धर, महिन्याचे 25 दिवस, झाले 600 किमी. कार शहरात लिटरला 15 देत असेल तर 40 लिटर, लिटरचे 105 धरले तरी 4,200 रुपये. तेच बाईकने, 50 चं अ‍ॅव्हरेज धरून, 12 लिटर, म्हणजे 1,260. जवळजवळ तीन हजारांचा फरक आहे आणि तू डाळीत पन्नास रुपये शोधत बसलीयेस! किराण्याची यादी हातभर लांब असते म्हणून ती डोळ्यात भरते, पेट्रोल मात्र पंपावर फोन दाखवून 500-500 चं भरलं जातं आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

म्हणून बिलं लपवणं आजपासून बंद. रविवारी सकाळी चहा घेऊन दोघं बसा, एकाच वहीच्या एकाच पानावर किराणा, गॅस, पेट्रोल सगळं लिहा, त्यांच्या फोनमधले पंपाचे पेमेंट त्यांनाच वाचायला सांग. भांडायला नको, "तुम्ही उधळता" असंही म्हणू नको, नुसता आकडा समोर येऊ दे. पावसाळ्यात रोज बाईक नाही जमणार हे मला कळतं, तेव्हा आपल्या बाजूचा कंपनीतला कुणी असेल तर दोघांनी मिळून एक कार न्यावी. आणि कार काढली तरी टायरमधली हवा वेळेवर बघायची, लांब सिग्नलला इंजिन बंद करायचं, मोकळ्या रस्त्यावर ताशी 45 ते 55 च्या आसपास चालवायची, यानेही फरक पडतो.

तुझ्या बाजूने काही करण्यासारखं आहे का, तर आहे थोडं. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये एकदम गोणीने घे, हवेशीर जागी पसरून ठेवला की पावसाळा निघतो. लाल कांदा मात्र साठवू नको, टिकत नाही तो. गहू पण तेव्हाच वर्षाचे भर, ऊन दाखवून एरंडेल चोळून ठेव, सासूबाईंना हे माझ्याहून चांगलं माहीत असेल, त्यांना हाताशी घे, त्यांनाही बरं वाटेल. भाजीला गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, बुधवारच्या बाजारात जा. पाकिटावर "युनिट सेल प्राइस" छापलेली असते, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला काय भाव पडतो ते, ते छापावंच लागतं. दोन पाकिटांची तुलना त्यावर कर, कारण तेलाच्या पिशव्या आता दिसायला सारख्याच पण आत कुणात 910 ग्रॅम, कुणात त्याहून कमी, आणि स्वस्त वाटते तीच महाग निघते. गॅसला म्हणशील तर हरभरा-राजमा रात्री भिजवायचा, शिट्टी झाली की आच बारीक, आणि ज्योत पिवळी दिसायला लागली तर बर्नर साफ करून घे.

पण मुलांचं दूध, फळं कमी करू नकोस, आणि तुझं स्वतःचं ताट तर अजिबात नाही. आपल्याकडे घरात काटकसर करायची म्हटलं की बाईच्या ताटातून सुरुवात होते, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की तुझ्या त्या एका ओळीने मला रात्री झोप लागली नाही. लोहाच्या गोळ्या आज संध्याकाळी आण. दोन महिने खंड पडलाय हे डॉक्टरांना खरं सांग, परत रक्त तपासायचं का ते त्यांना विचार, आणि त्या गोळ्यांचा खर्च रविवारच्या पानावर सगळ्यात वर लिही.