विचारा, सांगते: एव्हरग्लेड्सला एक दिवस

प्रश्न: ताई, आम्ही तिघी मैत्रिणी नाशिकच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. दर थंडीत दुर्बिणी घेऊन नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जातो. येत्या जानेवारीत तिघीही माझ्या लेकीकडे मायामीला जातोय. लेकीला एकाच दिवसाची रजा मिळेल. एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क एका दिवसात होईल का? जावई म्हणतात, एअरबोटीत (मागे मोठा पंखा लावलेल्या होडीत) बसा, तासाभरात सगळं दिसतं. आमच्यातल्या एकीचे गुडघे दुखतात, दुसरीला मगरींची धास्ती आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ‘होईल का’ म्हणाल, तर नाही होणार. पंधरा लाख एकरांचा पाणथळ पसारा आहे तो. पण तुमचा दिवस मात्र सोन्यासारखा जाईल, एवढं मी खात्रीने सांगते. जानेवारी म्हणजे तिथला कोरडा हंगाम. पाणी आटत जातं, मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि त्यांच्यामागे पक्षीही. डासही कमी असतात.

मी फ्लोरिडात अकरा वर्षं राहिले. पहिल्यांदा एव्हरग्लेड्सला गेले ती चार मैत्रिणींबरोबर, फेब्रुवारीत. होमस्टेड गावाकडच्या फाटकातून आत शिरलो आणि अडतीस मैल, रस्ता संपतो त्या फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणापर्यंत थेट गाडी पळवली. दोन्ही बाजूंना नुसतं पिवळट गवत. मागच्या सीटवरून एकीने विचारलंसुद्धा, “एवढ्यासाठी पहाटे उठवलंस?” परतताना रॉयल पामला केवळ स्वच्छतागृहासाठी थांबलो. तिथे अनहिंगा ट्रेल नावाची पायवाट आहे. म्हटलं, आलोच आहोत तर दहा मिनिटं चालून येऊ. अंधार पडायला लागला तेव्हा तिथून निघालो.

झालं असं, की पाण्यातून सापासारखी एक मान वर आली. चोचीत मासा आरपार टोचलेला. आपल्याकडच्या तिरंदाजाचा हा अमेरिकेतला भाऊबंद, अनहिंगा. आमच्यापासून चार-पाच हातांवर तो फांदीवर चढला, मासा दोन-तीनदा आपटला, हवेत उडवून सरळ केला आणि डोक्याकडून गिळला. त्या बारीक मानेतून फुगवटा खाली सरकताना आम्ही श्वास धरून पाहत होतो. मग त्याने पंख पसरले आणि उन्हाकडे पाठ करून बसला. त्याची पिसं पाण्याने भिजतात, म्हणून त्याला सहज बुडी मारता येते आणि म्हणूनच बाहेर आल्यावर ती वाळवावीही लागतात. तुम्ही नांदूरला तिरंदाज दुर्बिणीतून पाहिला असेल. इथे दुर्बीण गळ्यातच राहते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं: गाडी कमी चालवा, एका जागी जास्त थांबा. सकाळी आठच्या सुमारास रॉयल पामला पोहोचा. फाटकापासून ते चारच मैलांवर आहे. अनहिंगा ट्रेल जेमतेम सव्वा किलोमीटरची, सपाट, अर्धी डांबरी आणि अर्धी पाण्यावरच्या लाकडी फळ्यांची. चाकाची खुर्चीही जाते, तेव्हा गुडघ्यांची काळजी सोडा. तिथे अकरापर्यंत रेंगाळा. कमळांच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणारी निळी-जांभळी पाणकोंबडी दिसली तर ओळख लगेच पटेल. आपल्या जांभळ्या पाणकोंबडीची जवळची नातलग, फक्त अंगाने लहान.

ही जागा तुम्हा तिघींना दाखवावीशी वाटण्याचं आणखी एक कारण आहे. फ्लोरिडातल्या महिला मंडळांच्या महासंघाने इथली जंगलाची बेटं वाचवायला हट्टाने पाठपुरावा केला आणि १९१६ साली रॉयल पाम राज्य उद्यान उभं केलं, चालवलंही. १९४७ साली राष्ट्रीय उद्यान झालं ते या उद्यानाला पोटात घेऊनच. मला हे पहिल्या खेपेला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा पुन्हा मुद्दाम गेले.

धास्ती वाटणाऱ्या मैत्रिणीला सांगा, तिथे दिसतील ते बहुतेक अ‍ॅलिगेटर. रुंद, काळपट थोबाडाचे, काठावर ऊन खात तासन्‌तास ओंडक्यासारखे पडलेले. पंधरा फुटांचं अंतर ठेवायचा नियम आहे, तो पाळा. खाऊ घालणं हा तर गुन्हाच. माणसाकडून खाणं मिळू लागलं की त्याची भीड चेपते आणि तिथूनच धोका सुरू होतो. खरं तर या प्राण्याचे उपकार आहेत. कोरड्यात तो तोंडाने आणि शेपटीने चिखल उपसून खड्डा करतो, त्यात पाणी टिकतं आणि त्या पाण्यावर मासे, कासवं, बगळे असे सगळे तगतात. निमुळत्या तोंडाची खरी मगर दक्षिणेला, फ्लेमिंगोच्या खाऱ्या पाण्याकडे असते. दोघं एकत्र नांदतात ते जगात फक्त दक्षिण फ्लोरिडात.

गाडी लावताना मात्र जपा. रॉयल पामच्या वाहनतळावरची काळी गिधाडं वायपरचं आणि खिडक्यांचं रबर ओढून काढतात. आमचा एक वायपर असाच गेला. गाडी झाकायला तिथे ताडपत्र्या ठेवलेल्या असतात, आळस न करता वापरा. (माझ्या लहानपणी गावाबाहेर दिसणारी गिधाडं डायक्लोफिनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाने संपवली. त्यामुळे वायपर गेला तरी इतकी गिधाडं एकत्र पाहून मला भरून आलं होतं.)

दुपारी डबा खा आणि पा-हे-ओकीला जा. तिथल्या छोट्या मचाणावरून सॉग्रासचा, म्हणजे ‘करवती गवता’चा समुद्र दिसतो. हे खरं तर गवत नव्हेच, आपल्या नागरमोथ्याच्या कुळातलं. पात्याच्या कडेवर बुडाकडून शेंड्याकडे बोट अलगद फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटं फिरवू नका, करवतच आहे. बुंध्याशी पाण्यात राखाडी-पिवळा, स्पंजासारखा थर तरंगताना दिसेल. शेवाळं आणि सूक्ष्मजीव यांचा तो गोधडीसारखा गुंता. बारके मासे, गोगलगाई त्यावर जगतात आणि सकाळचा तुमचा अनहिंगा त्या माशांवर. फोटोत हे येत नाही, वाकूनच पाहावं लागतं.

फ्लेमिंगो या खेपेला सोडा. नावावर जाऊ नका, तिथे रोहित पक्षी भेटतीलच असं नाही. एअरबोटीबद्दल जावयांना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. मागच्या पंख्याचा आवाज एवढा, की कानांना झाकणं लावतात. नांदूरला दबक्या पावलांनी चालणाऱ्या बायका तुम्ही, तुम्हाला ते रुचणार नाही.

जेवण आणि पाणी घरून न्या, पेट्रोल होमस्टेडला भरा आणि फाटकावर कार्ड द्या, रोख घेत नाहीत.

प्रश्न: मुलांच्या शाळेमुळे आम्हाला जुलैतच जमतं. दोन मित्रांची कुटुंबं मिळून एव्हरग्लेड्सला जायचं म्हणतोय. जावं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: जा, पण मायामीच्या पश्चिमेला टॅमियामी ट्रेल या हमरस्त्यावर असलेल्या शार्क व्हॅलीला. होमस्टेडकडच्या फाटकातून आतल्या आत तिथे जाता येत नाही, हे आधीच लक्षात घ्या. जुलैत दुपारी विजांसह पाऊस कोसळतो, म्हणून सकाळची पहिली ट्रॅम (पर्यटकांना फिरवणारी गाडी) धरा. दोन तासांची पंधरा मैलांची फेरी आहे, मध्ये मनोऱ्यावर चढता येतं. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम हवंच. प्राणी पांगलेले असतील, जानेवारीइतके दिसणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

पण पाणी सगळीकडे असेल, आणि हे पाणी साचलेलं नसतं. मैलाला काही इंचांच्या उतारावरून ते दक्षिणेकडे सरकत असतं. एवढी रुंद, इतकी उथळ नदी मी दुसरी पाहिलेली नाही. नांदूरला बंधारा घातला म्हणून पाणथळ जागा झाली. इथे नेमकं उलटं झालं. १९२८ साली पुरा झालेला टॅमियामी ट्रेल बांधासारखा आडवा आला, कालव्यांनी पाणी दुसरीकडे वळवलं आणि खालचं रान तहानलं. आता तोच रस्ता उचलून त्याखालून वाट करून देताहेत. २०१३ साली पहिला, एक मैल लांबीचा पूल झाला, मग त्याच्या पश्चिमेला आणखी. शार्क व्हॅलीला जाताना तुम्ही त्यांवरूनच जाल. मुलांना खिडकीशी बसवा आणि पूल आला की दक्षिणेकडे बघायला सांगा.